चार कागदांचा कविता-अंक : गेल टर्नबुल यांच्या रीतीने, साखळीच्या बाजारातून

ए-फोर आकाराचे चार कोरे कागद घ्या. एकावर एक ठेवून मधोमध दुमडा. सोळा पानांची चोपडी झाली. आता पेन्सिलीने प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात १ ते १६ आकडे घाला आणि कागद पुन्हा सुटे करा. सगळ्यात बाहेरच्या कागदाच्या एका अंगाला १६ आणि १ शेजारी शेजारी दिसतील, पाठीमागे २ आणि १५. त्याच्या आतल्यावर १४ आणि ३, पाठीमागे ४ आणि १३. तिसऱ्यावर १२ आणि ५, पाठीमागे ६ आणि ११. अगदी आतल्यावर १० आणि ७, पाठीमागे ८ आणि ९. कुठल्याही अंगावरच्या दोन आकड्यांची बेरीज १७च येते. ही चोपडी टेबलासमोरच्या भिंतीला टाचून ठेवा आणि टाईप करताना तिच्याकडे बघत राहा. माझ्या दुसऱ्या अंकाच्या वेळी मी ही चोपडी केली नाही. एका कवितेचं शेवटचं कडवं पहिल्या कडव्याच्या आधी आलं, तेही सगळ्या साठ प्रतींत. ज्यांची ती कविता होती त्या वृद्ध कीर्तनकारांच्या घरी जाऊन मी क्षमा मागितली आणि अख्खा अंक पुन्हा छापला.

गोव्यातल्या साखळी या गावच्या बाजारात माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. गेली साडेतीन वर्षं मी तिथून एक मराठी कविता-अंक काढते. सात अंक झाले. सोळा पानं, साठ प्रती, वर्गणी नाही, जाहिरात नाही. ‘बाय, तू हे कसं करतेस ते लिहून काढ, म्हणजे आमच्या गावात आम्हीही काढू,’ असं पेडण्याच्या आणि काणकोणच्या दोघातिघांनी सांगितलं, म्हणून हे लिहिते आहे. पण कागद आणि दोरा यांच्याही आधी एका माणसाची ओळख करून द्यायला हवी. अंक छापायचा कसा हे मला धंद्यामुळे येत होतं. तो काढायचा कसा हे मी गेल टर्नबुल या स्कॉटिश कवी-संपादकांकडून शिकले.

आमच्या आरोग्य केंद्रात बदलीवर आलेले एक डॉक्टर दाखले लॅमिनेट करायला यायचे. त्यांच्या हातात एकदा जाड इंग्रजी पुस्तक होतं, ‘देअर आर वर्ड्स’. टर्नबुल यांची समग्र कविता, त्यांच्या मृत्यूनंतर २००६ साली निघालेली. दुकानाच्या कोपऱ्यात माझी जुनी सायक्लोस्टाईलची, म्हणजे मेणाच्या कागदावर कापलेल्या अक्षरांतून शाई उतरवून प्रती काढणारी, मशीन कापड घालून ठेवलेली असते. ती बघून डॉक्टर म्हणाले, ‘बाय, हाही माझ्यासारखा डॉक्टर, आणि हाही सायक्लोस्टाईलवर अंक काढायचा.’ पुस्तक महिनाभर माझ्याकडे राहिलं. माझं इंग्रजी टायपिस्टचं. शब्द ओळखीचे असतात, ओळ कळायला वेळ लागतो. रोज दोन पानं अशी मी ते वाचलं. बाकीचं डॉक्टरांनी सांगितलं आणि पुढे पणजीला पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून मी स्वतः शोधलं.

टर्नबुल यांचा जन्म १९२८ साली एडिंबराला झाला. वडील बाप्टिस्ट पाद्री, आई अमेरिकन. लहानपण इंग्लंडच्या उत्तर भागात गेलं आणि महायुद्ध सुरू झाल्यावर कॅनडात. केंब्रिजला विज्ञान, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात वैद्यकीचं शिक्षण. मग उत्तर ऑन्टॅरिओतल्या आयरक्वॉय फॉल्स या लाकूडतोडीच्या मुलखात डॉक्टर. तिथून इंग्लंडमध्ये वूस्टर, तिथून १९५८ साली कॅलिफोर्नियातलं व्हेंचुरा, १९६४ साली परत इंग्लंड. निवृत्तीनंतर एडिंबरा. मृत्यू २००४ साली. जन्मभर दवाखाना सांभाळला, भूल देण्याचं काम केलं, आणि उरलेल्या वेळात ब्रिटिश कवितेला तिचे कितीतरी कवी मिळवून दिले. हे मी कौतुकाच्या भरात म्हणत नाही. ते कसं घडलं हे खाली येईलच. त्यांच्या प्रकाशनाचं आणि अंकाचं नाव होतं ‘मायग्रंट’, म्हणजे स्थलांतरित. गोव्यात प्रत्येक वाड्यावर एक घर कुवेतला, दुबईला नाहीतर मुंबईला गेलेलं असतं, त्यामुळे ते नाव मला पहिल्या दिवसापासून आपलं वाटलं.

आधी वाचकांची यादी

अंक काढायचं ठरलं की आपण आधी नाव शोधतो, मग मुखपृष्ठ. तसं करू नका. आधी एक कागद घेऊन वाचकांची नावं लिहा.

१९५७ साली टर्नबुल यांनी वूस्टरला मायग्रंट सुरू केलं तेव्हा पहिलं मोठं काम छपाईचं नव्हतं. अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या छोट्या प्रकाशनांची पुस्तकं ब्रिटनमध्ये मिळत नव्हती. ती त्यांनी मागवली आणि ज्यांना त्यांची भूक आहे अशा माणसांपर्यंत टपालाने पोचवली. रॉबर्ट क्रीली हा तरुण अमेरिकन कवी त्या काळी ब्रिटनमध्ये फारसा कुणाला माहीत नव्हता. त्याचा ‘द व्हिप’ हा संग्रह १९५७ मध्ये मायग्रंटच्या नावाने निघाला. वाचक कोण आहेत आणि कुठे राहतात हे आधी ठाऊक झालं. छापणं मागाहून आलं.

माझ्या यादीत बावन्न नावं आहेत, उरलेल्या आठ प्रती कवींच्या. बावन्नपैकी एक कदंब बसचे कंडक्टर आहेत, जे साखळी–पणजी फेरीत पुढच्या सीटवरच्या माणसाला कविता वाचून दाखवतात. दोन शाळांच्या मास्तरीणबाई. एक भजनी मंडळाचे पेटीवाले. मुंबईत गिरगावला राहणारी एक माहेरवाशीण. दोघे खाणीत काम केलेले, खाणी बंद पडल्यापासून घरी असलेले. प्रत्येक नावापुढे मी एक ओळ लिहिली आहे: हा माणूस काय वाचतो, कशावर बोलतो. ती ओळ ज्याच्याबद्दल लिहिता येत नाही त्याला अंक पाठवू नये असं माझं मत आहे. साठ प्रती थोड्या वाटतात, पण साठ माणसं खरोखर वाचणार असतील तर कवीसाठी ती मोठी बैठक आहे. आपल्या मराठीतही १९५०च्या दशकात मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ हा अंक सायक्लोस्टाईलवरच काढला होता. त्याच्या प्रतीही मोजक्याच हातांत गेल्या, आणि त्या हातांनी पुढे मराठी कवितेची वाट बदलली.

कविता मागायची कशी

‘कविता पाठवा’ अशी चिठ्ठी ग्रंथालयाच्या फळ्यावर लावू नका. मी लावली होती. आठवड्यात एकशे दहा कविता आल्या, त्यातल्या बऱ्याचशा एकमेकींसारख्या. सगळ्या वाचल्या, सगळ्यांना उत्तरं लिहिली, पण त्यातून एकच ठेवता आली.

टर्नबुल यांची रीत वेगळी होती. १९५६ साली त्यांनी एका छोट्या नियतकालिकात रॉय फिशर नावाच्या अनोळखी माणसाची एक कविता वाचली. त्या वेळी ते ‘ओरिजिन’ या अमेरिकन नियतकालिकासाठी ब्रिटिश कवी शोधत होते. त्यांनी फिशरना थेट पत्र लिहिलं. फिशर बर्मिंगहॅमचे, नोकरी शिक्षकाची, जॅझ पियानो वाजवणारे, पंचविशी नुकतीच ओलांडलेले. पुढे ते वूस्टरला टर्नबुल यांच्या घरी गेले. अमेरिकेतली आणि इतरत्रची जी नवी कविता इंग्लंडच्या दुकानांत दिसतच नव्हती ती त्यांना त्या घरातल्या कपाटात सापडली. बेसिल बंटिंग यांच्याबाबतीतही असंच. बंटिंग तेव्हा न्यूकॅसलच्या एका वृत्तपत्रात नोकरी करत होते आणि कवी म्हणून जवळजवळ विस्मरणात गेले होते. टर्नबुल त्यांना शोधत गेले. बंटिंग यांची ‘ब्रिगफ्लॅट्स’ ही दीर्घ कविता १९६६ मध्ये आली आणि सगळ्यांना ते एकदम आठवले; पण आठवण नसतानाच्या काळात दार ठोठावणारा माणूस टर्नबुल होता.

म्हणून एखादी ओळ आवडली की त्या माणसाला पत्र लिहा. गावच्या देवस्थानच्या स्मरणिकेत, शाळेच्या हस्तलिखितात, सप्ताहाच्या पत्रिकेमागे, कुठेही ती ओळ सापडू शकते. पत्रात ‘तुमची कविता सुंदर आहे’ एवढंच लिहू नका. कुठली ओळ, आणि ती वाचताना तुम्ही कुठे थांबलात, ते लिहा. आणि दुसऱ्या कुणाचं तरी एक पुस्तक त्यांना वाचायला द्या. हे दुसरं काम लोक विसरतात. माझ्या दुकानात लॅमिनेशन मशीनच्या वरच्या फळीवर चाळीस पुस्तकं आहेत. बाकीबाब बोरकर आहेत, शंकर रामाणी आहेत, नामदेव ढसाळ आहेत, कोलटकर आहेत. कविता द्यायला आलेला माणूस एक पुस्तक घेऊन जातो. परत आणतो तेव्हा सोबत आणलेली कविता बहुतेक वेळा आधीपेक्षा वेगळी असते.

कवी अडला तर मी टर्नबुल यांचाच एक प्रयोग देते. १९६६ च्या ‘ट्वेंटी वर्ड्स, ट्वेंटी डेज’मध्ये त्यांनी शब्दकोशातून रोज एक शब्द अचानक उचलला आणि त्या दिवसाच्या लेखनात तो गुंफला, असे वीस दिवस. आमच्याकडे हे काम मोल्सवर्थच्या शब्दकोशावर चालतं. डोळे मिटून पान उघडायचं, बोट ठेवायचं, आणि आज जे घडलं त्यात तो शब्द आणायचा. वीस दिवसांत सतरा दिवस काही हाती लागत नाही. पण उरलेल्या तीन दिवसांसाठी वीस दिवस बसायला माणूस तयार होतो, ते या नियमामुळे.

वही मागा

संपादनातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, म्हणून इथे मी सावकाश लिहिणार आहे.

१९६१ साली मायग्रंटने फिशर यांचं ‘सिटी’ छापलं. बर्मिंगहॅमवरचं हे लेखन आज ब्रिटिश कवितेत फार मानाने घेतलं जातं: पाडलेल्या गल्ल्या, रेल्वेचे पूल, कारखाने, गद्याचे तुकडे आणि मध्येमध्ये कविता. पण फिशर यांनी ‘सिटी’ नावाचं पुस्तक लिहून पाठवलं नव्हतं. त्यांच्याकडे वह्या होत्या. मायकेल शेयर हे वूस्टरचे, टर्नबुल यांचे सहकारी. टर्नबुल कॅलिफोर्नियात असताना मायग्रंटची ब्रिटनमधली बाजू तेच बघत. शेयर यांनी त्या वह्यांमधून तुकडे निवडले, एकापुढे एक लावले, आणि त्यातून ते पुस्तक उभं राहिलं. ज्याला कवी स्वतः कच्चा माल समजत होता त्यात दुसऱ्या माणसाला रचना दिसली.

हे वाचल्यापासून मी कवीकडे कविता मागायचं सोडलं. मी वही मागते. सत्तरीतल्या एक बाई आहेत, आमच्या तालुक्याच्या सीमेवर राहतात. त्यांनी मला तीन कविता दिल्या होत्या. चंद्र, नदी, आई. तिन्ही यमकात, तिन्ही शाळेच्या पुस्तकासारख्या. मी म्हटलं, ‘मावशी, तुमची वही बघायला मिळेल?’ त्यांनी वाण्याच्या हिशेबाची लांब चोपडी आणून दिली. एका बाजूला उधारी, दुसऱ्या बाजूला त्यांनी वर्षानुवर्षं टिपलेलं काहीबाही. धालो, म्हणजे बायकांची नाचगाणी, खेळायला पौषात मांडावर कोण आली, कोण आली नाही. आली नाही तिचं काय झालं. कुणाच्या घोवाने कुठली जमीन विकली. पाऊस कधी लागला. कुठल्या वर्षी बागायतीत माकडं उतरली. त्यांच्या दृष्टीने ती कविता नव्हती. मी अकरा नोंदी निवडल्या, एकही शब्द न बदलता टाईप केल्या, मध्ये रिकामी जागा सोडली, आणि त्यांना वाचून दाखवल्या. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘हे मी लिहिलं होतं?’

इथे सावध राहायला हवं. ‘सिटी’च्या पहिल्या छापील रूपावर फिशर समाधानी नव्हते, त्यांनी पुढे ते बदललं, आणि आज वाचलं जातं ते त्यांनी स्वतः पुन्हा बांधलेलं रूप. संपादकाला रचना दिसली म्हणून ती कवीची होत नाही. म्हणून मी तीन नियम पाळते. निवडलेलं सगळं कवीला मोठ्याने वाचून दाखवायचं. त्यानंतर आठ दिवस थांबायचं. आणि कवी ‘नको’ म्हणाला तर कारण न विचारता काढून टाकायचं. मावशींनी अकरापैकी दोन नोंदी काढायला सांगितल्या. त्या दोन सगळ्यांत चांगल्या होत्या असं मला आजही वाटतं, पण त्या जिच्याबद्दल होत्या ती बाई अजून त्याच वाड्यावर राहते.

भाषेचा प्रश्न गोव्यात लगेच पुढे येतो. घरात कोंकणी, शाळेत मराठी, भजनात मराठी, भांडणात कोंकणी. कवी अंकासाठी लिहायला बसला की घरचे शब्द पुसून टाकतो. मी ते परत मागते. ‘माटोळी’ला ‘गणपतीवरची सजावट’ करायचं नाही, ‘घोव’चा ‘पती’ करायचा नाही. टर्नबुल यांनी याबाबतीत मनाचं दार उघडं ठेवलं होतं. १९६० साली मायग्रंटने इयन हॅमिल्टन फिन्ली यांचं ‘द डान्सर्स इनहेरिट द पार्टी’ छापलं. छोट्या, गाण्यासारख्या, बेटांवरच्या कविता. फिन्ली यांनी ग्लासगोच्या बोलीतही लिहिलं, पुढे शब्द दगडात कोरून एडिंबराच्या नैऋत्येला डोंगरात अख्खी बागच उभी केली. १९६१ साली त्याच मायग्रंटने एडविन मॉर्गन यांचं ‘सोव्हपोएम्स’ छापलं, रशियन आणि इतर भाषांतल्या कवितांची भाषांतरं. मॉर्गन पुढे २००४ मध्ये स्कॉटलंडचे पहिले राष्ट्रीय कवी झाले. बेटावरची गाणी, रशियन भाषांतरं, बर्मिंगहॅमचं गद्य: तिन्ही एकाच छोट्या प्रकाशनातून, दोनेक वर्षांत. त्यांना एका साच्यात बसवायचा प्रयत्न टर्नबुल यांनी केला नाही. कवीचा स्वतःचा आवाज पक्का आहे ना, एवढंच पाहिलं.

टाईप करणं

एक काळ होता की मी शाळांच्या प्रश्नपत्रिकांच्या स्टेन्सिली कापायची. टाईपरायटरची रिबन बाजूला करायची, म्हणजे खिळा थेट मेणाच्या कागदावर बसतो आणि अक्षर कापलं जातं. हलक्या हाताने मारलं तर अक्षर फिकट उमटतं, जोरात मारलं तर गोल अक्षराचं पोट गळून पडतं. चूक झाली तर लाल द्रव लावून, फुंकर घालून, वाळवून पुन्हा मारायचं. मायग्रंटचे आठ अंक, जुलै १९५९ ते सप्टेंबर १९६०, अशाच यंत्रावर निघाले. दवाखान्यातून दमून आल्यावर त्या कामाला बसायला काय लागतं ते मला माहीत आहे. त्या मेहनतीमुळे संपादक वायफळ ओळ छापत नाही. संगणकावर ती मेहनत उरलेली नाही, म्हणून मी प्रत्येक कविता कॉपी-पेस्ट न करता पुन्हा स्वतः टाईप करते, ती मोबाईलवर आलेली असली तरी. कुठे शब्द जास्त झाला आहे ते बोटांना डोळ्यांच्या आधी कळतं.

युनिकोड फॉन्ट वापरा, १२ किंवा १३ पॉइंटचा, आणि दोन ओळींत दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. दुमडलेलं पान १४८ मिलिमीटर रुंद असतं. आतल्या बाजूला २० आणि बाहेर १५ सोडलं की ओळीला ११३ मिलिमीटर उरतात. लांब ओळ त्यात मावली नाही तर उरलेला भाग खालच्या ओळीत थोडा आत सरकवून घ्या. त्या एका कवितेसाठी अक्षर बारीक करू नका. ८ आणि ९ ही मधली दोन पानं तेवढी एकाच कागदावर सलग येतात. लांब रचना तिथे लावा. छापायला दुसरीकडे नेणार असाल तर पीडीएफ करूनच न्या. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की जोडाक्षरं फुटतात.

छपाई, पावसाळा, शिवण

जून ते सप्टेंबर छापू नका. गोव्याच्या हवेत कागद ओल धरतो, यंत्रात दोन-दोन ओढला जातो आणि दुसऱ्या अंगाच्या छपाईत चुरगळतो. छापावंच लागलं तर रिम प्लास्टिकमध्ये बंद ठेवा आणि लागेल तेवढेच कागद बाहेर काढा. साठ प्रतींना २४० कागद लागतात, म्हणजे जपून वापरले तर ५००च्या एका रिमात दोन अंक बसतात. दोन्ही अंगांनी छापताना कागद आखूड कडेवर उलटायचा. लांब कडेवर उलटला तर मागची पानं डोक्यावर उभी राहतात. एक अंग छापून झालं की गठ्ठा रात्रभर जाड वह्यांखाली दाबून ठेवा आणि दुसरं अंग सकाळी छापा.

मुखपृष्ठाचा जाड कागद घेताना त्याचा धागा बघा. कागद हलक्या हाताने आधी उभा, मग आडवा वाकवायचा. ज्या बाजूने सहज वाकतो ती धाग्याची दिशा. घडी त्या दिशेने आली पाहिजे, नाहीतर पाठीवर तडा जातो आणि रंग उडतो.

पिना मारू नका. माझ्या पहिल्या अंकाला मी पिना मारल्या. एका पावसाळ्यात सगळ्या गंजल्या आणि मधल्या पानावर तांबडे डाग पडले. दोऱ्याने शिवा, साठ प्रतींना दोन संध्याकाळी पुरतात. घडीवर तीन खुणा करायच्या: मधली १०५ मिलिमीटरवर, बाकी दोन वरून आणि खालून तीस-तीसवर. दाभणाने भोकं पाडा. सुती दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्या. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढा, वरच्या भोकातून आत घ्या, आतल्या बाजूने सरळ खाली नेऊन खालच्या भोकातून बाहेर काढा, आणि परत मधल्या भोकातून आत आणा. दोऱ्याची दोन टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, म्हणजे गाठ त्या टाक्याला धरून बसते. जपून ठेवायच्या प्रतींच्या पेटीत वेखंडाचे तुकडे टाका, कसर लागत नाही.

शिवायला मी एकटी बसत नाही. दुकान बंद झाल्यावर कवीच येतात. कंडक्टर दोन कागद व्यवस्थित दुमडतात आणि तिसरा दुमडताना त्यावरची कविता वाचायला लागतात, त्यामुळे त्यांच्याकडे दोरा ओवायचं काम दिलं आहे.

पाठवणं, आणि थांबणं

पाकिटावर नाव हाताने लिहा. आत चार ओळींची चिठ्ठी घाला, प्रत्येकाला वेगळी. ‘पान ६ वरची कविता तुम्हाला आवडेल असं वाटलं, कारण तुम्ही गेल्या वेळी विहिरीबद्दल बोलला होता.’ टर्नबुल व्हेंचुराला होते आणि कवी इंग्लंड-स्कॉटलंडला. मधे समुद्र आणि टपालाचे दिवस. ते सगळं पत्रांवर चाललं. पत्र हाच त्यांच्या संपादनाचा मोठा भाग होता असं मी मानते. अंक मिळाल्यावर उत्तर आलं तर ते कवीपर्यंत पोचवा, शब्दशः. गिरगावच्या बाईंनी मावशींच्या नोंदी वाचून दोन पानी पत्र लिहिलं. मी ते मावशींना वाचून दाखवलं आणि त्यांनी ते देवाच्या फोटोमागे ठेवलं.

आणि किती अंक काढायचे ते आधीच ठरवा. मायग्रंटचा अंक आठ झाल्यावर थांबला. पुस्तकं पुढेही निघत राहिली. आठ अंकांत ज्यांना एकमेकांपर्यंत पोचायचं होतं ते पोचले होते. ब्रिटनमध्ये पुढे असे कितीतरी छोटे अंक आणि छोटी प्रकाशनं निघाली. फिन्ली यांनी १९६१ मध्ये स्वतःचं वाइल्ड हॉथॉर्न प्रेस सुरू केलं आणि १९६३ मध्ये तिथून टर्नबुल यांचीच पुस्तिका काढली. ज्याला छापलं त्याने उलटून आपल्याला छापावं, यापेक्षा मोठी पावती संपादकाला मिळत नाही. माझाही आठवा अंक शेवटचा. त्यानंतर कंडक्टर स्वतःचा अंक सुरू करणार आहेत; सायक्लोस्टाईलची मशीन मी त्यांना देणार आहे आणि तिचा रोलर दुरुस्त करून घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे.

आठव्याचं काम पाऊस ओसरल्यावर सुरू केलं. मावशींनी त्या काढून टाकलेल्या दोन नोंदींपैकी एक परत आणून दिली. जिच्याबद्दल ती आहे तिला त्यांनी स्वतः जाऊन वाचून दाखवली, आणि तिने एका जागी सालाची चूक दुरुस्त करून दिली. ती नोंद ८ आणि ९ वर लावली आहे, मधल्या दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना.